दुसऱ्या बाळाचं टेबल

सिस्टरना सगळे पाठीमागे 'थर्मामीटर' म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. नाव ठेवलं होतं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी. ऑपरेशन थिएटरात शिरल्या की सिस्टर आधी भिंतीवरचं तापमान बघायच्या, मग एसीकडे, आणि मग कुठे माणसांकडे. "आल्या आमच्या थर्मामीटर," डॉक्टर मास्कच्या आत पुटपुटायचे. सिस्टर ऐकून न ऐकल्यासारखं करून टॉवेल मोजायला लागायच्या.

बुटक्या बांध्याच्या, भराभर चालणाऱ्या, बोलायला तशा कमी. एका मोठ्या हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या कक्षात त्यांनी चौतीस वर्षं काढली. दोन तळहातांत मावतील एवढीशी बाळं त्यांनी हाताळली. त्यातली कितीतरी आता मिशीवाले बाप्ये झाली असतील. बाळाला हात लावण्याआधी आपले तळहात एकमेकांवर खसाखसा घासायची त्यांना सवय होती. घरी भाजी घ्यायच्या आधीसुद्धा त्या हात घासायच्या, आणि नवरा म्हणायचा, "अगं, दुधी आहे तो. त्याला गारठा होत नाही."

हे हात घासणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एका दुपारनंतर ते सुरू झालं.

तेव्हा सिस्टर एकोणतीस वर्षांच्या होत्या, नोकरीला लागून पाच वर्षं झालेली. त्या काळात त्यांच्या थिएटरात उबेचं टेबल एकच होतं. उबेचं टेबल म्हणजे वरून हिटर असलेली छोटी गादी. आईच्या पोटातून ओलंचिंब निघालेलं बाळ त्यावर ठेवायचं, पुसायचं, श्वास नीट चालू झालाय ना बघायचं. बाळ एक असलं तर टेबल एक पुरतं. त्या दिवशी जुळी होती. पोरं पोटात वेडीवाकडी बसली होती म्हणून सिझेरियन करायचं ठरलं होतं, आणि आईला पूर्ण भूल दिली होती.

पहिली मुलगी निघाली. ती मोठ्या सरांनी घेतली. मोठे सर म्हणजे बाळांच्या विभागाचे प्रमुख, हाताला यश असलेला माणूस. मुलगी घुसमटत होती, घशात पाणी होतं. सर, त्यांची ज्युनिअर आणि दुसरी एक नर्स, तिघेही टेबलाभोवती वाकले. दोन मिनिटांनी मुलगा निघाला आणि सर्जनांनी तो सिस्टरांच्या हातात दिला.

तो रडला. फार जोरात नाही, पण रडला. सिस्टरनी त्याला कापडात घेतलं, पुसलं आणि टेबलाकडे वळल्या. टेबलावर मुलगी होती. "एक मिनिट," सर मान वर न करता म्हणाले. सिस्टरनी मुलाला शेजारच्या स्टीलच्या ट्रॉलीवर ठेवलं. ज्या कापडाने पुसलं, तेच ओलं कापड त्याच्याभोवती गुंडाळलेलं होतं. दुसरं कापड कपाटात होतं, कपाट चार पावलांवर होतं. पण त्या बाळाला ट्रॉलीवर एकटं सोडून जायचं कसं? ट्रॉलीच्या बरोबर वर एसी होता. त्या बाळावर हात धरून उभ्या राहिल्या. सरांचं एक मिनिट संपत नव्हतं. समोर घड्याळ होतं, म्हणून सिस्टरना नक्की माहीत होतं: एक नव्हे, अकरा मिनिटं.

कक्षात आणल्यावर काखेत थर्मामीटर लावला तर चौतीस पॉइंट सहा. निरोगी बाळ साडेछत्तीसच्या वर हवं. मुलगा एव्हाना कण्हायला लागला होता, दर श्वासाला बारीक आवाज करत होता. त्याची साखरही उतरली. संध्याकाळी त्याला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. आई वरच्या मजल्यावर टाके आणि ताप घेऊन पडली होती. तिला तिसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीवरून खाली आणलं, तेव्हा तिने त्याला काचेतून पाहिलं होतं, तेवढंच.

मोठ्या सरांनी कागदावर लिहिलं, 'जुळ्यातलं दुसरं बाळ, श्वसनाचा त्रास.' मग सिस्टरांचा चेहरा बघून म्हणाले, "दुसरं नाजूकच असतं, सिस्टर. मनाला लावून घेऊ नका." आवाजात खरी माया होती. ओल्या कापडाबद्दल सिस्टरना कुणी विचारलं नाही, आणि त्याही मूग गिळून बसल्या.

घरी सासूबाई होत्या. शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवून निवृत्त झालेल्या. समोरच्याने कुठे खाडाखोड केलीय हे त्यांना चेहऱ्यावरून वाचता यायचं. सून तिसऱ्यांदा गरम पाण्याने हात धुताना दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "काय झालंय?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणजे बरंच काही. बस इथे."

सिस्टरनी सगळं सांगितलं. कापड, ट्रॉली, एसी, अकरा मिनिटं. सासूबाईंनी समजूत घातली नाही, की दोषही दिला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "लिहून ठेव."

"विसरणार आहे का मी?"

"विसरणार नाहीस. बदलशील. दोन वर्षांनी अकराची सात मिनिटं होतील, पाच वर्षांनी कापड कोरडं होईल. माझंही झालंय तसं, दुसऱ्या गोष्टींत. आजच लिही."

नवरा बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होता. त्याने काही न विचारता एक जाडजूड वही बांधून आणली, कापडी पाठीची, लांबट. आत स्वतः रकाने आखून दिले. जन्माची वेळ, वजन, रडलं कधी, कक्षात आल्यावरचं तापमान, साखर, पुढे काय झालं. डाव्या पानावर पहिलं बाळ, उजव्या पानावर दुसरं. पहिल्या ओळीत ती जोडी गेली. आणि मग, आपण हे कशासाठी करतोय याचा नीटसा पत्ता नसतानाच, सिझेरियनने झालेली प्रत्येक जुळी जोडी सिस्टर त्या वहीत उतरवत गेल्या.

लोकांनी थट्टा केली. "सिस्टर, हजेरी घेताय का?" एकीने विचारलं. "हो," सिस्टर म्हणाल्या, "आलेल्यांची आणि गेलेल्यांचीही." त्यानंतर तिने विचारलं नाही.

सात वर्षांत त्र्याण्णव जोड्या झाल्या. एका सुट्टीच्या दिवशी सिस्टर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसल्या आणि दुसऱ्या बाळांची तापमानं मोजत गेल्या. अर्ध्याहून जास्त दुसरी बाळं कक्षात गार पोचली होती. पहिल्यांत गार होतं पाचातलं एखादंच. आणि गार पोचलेल्यांच्या पुढे शेवटच्या रकान्यात परत परत तेच शब्द होते: कण्हणं, साखर कमी, ऑक्सिजन, यंत्र.

त्या वही घेऊन मोठ्या सरांकडे गेल्या. आठवडाभर बोलायची वाक्यं मनात घोळवली होती; खोलीत शिरताच ती सगळी पळाली. सरांनी मात्र वही हसण्यावारी नेली नाही. पानं उलटली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मेहनत मोठी आहे," ते म्हणाले. "पण बघा. हे सगळं फक्त तुमच्या ड्यूटीतलं. दुसरं बाळ बऱ्याचदा आडवं असतं, काढायला वेळ लागतो. पहिलं निघालं की कधीकधी वार गर्भाशयापासून सुटायला लागते, दुसऱ्याचं रक्त कमी पडतं. शिवाय सिझेरियनच्या बाळांच्या फुप्फुसात पाणी जास्त राहतं. मुळात आजारीच असेल तर ते गार पडणारच. गारठ्याने आजार झाला की आजाराने गारठा, हे तुमची वही सांगत नाही."

एवढंसं तोंड करून सिस्टर परत आल्या. राग सरांचा आला नाही. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं, याचा आला. आजार आधी की गारठा आधी? बसमध्ये, स्वयंपाक करताना, बाळांचे लंगोट बदलताना तो प्रश्न त्यांच्या मागे लागला.

उत्तर आणलं रंगाऱ्यांनी. शेजारच्या थिएटरचं छत गळायला लागलं म्हणून ते पाच आठवडे बंद ठेवलं. तिथलं उबेचं टेबल कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला, तेव्हा कुणीतरी ते सिस्टरांच्या थिएटरात आणून कोपऱ्यात उभं केलं. तिथली ऑपरेशनंही इकडेच होत होती, आणि त्या पाच आठवड्यांत नऊ जुळी सिझेरियनने झाली. टेबल होतंच, म्हणून कुणी काही न ठरवता दुसरं बाळ त्या दुसऱ्या टेबलावर जायला लागलं. सिस्टर रोजच्यासारखं लिहीत होत्या. रंग वाळला, टेबल आपल्या जागी परत गेलं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाळांच्या पानावर पुन्हा पस्तिशीतले आकडे पडायला लागले, तेव्हा त्यांचा हात थबकला. त्यांनी मागची पानं काढली. नवातली आठ दुसरी बाळं उबदार पोचली होती. यंत्रावर एकही गेलं नव्हतं.

"आजारी असतात म्हणून गार पडतात, असं असेल," त्या घरी सासूबाईंना म्हणाल्या, "तर मग त्या पाच आठवड्यांत काय रंगाच्या वासाने बरी झाली सगळी?"

सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, पण डोकं तल्लख होतं. "मग जा, सांग."

"एकदा गेले होते."

"एकदाच?"

सिस्टर पुन्हा गेल्या, पण त्या जाईतो मोठे सर निवृत्त व्हायच्या बेतात होते. निरोपाचे हार मोजण्याच्या दिवसांत त्यांना नवं काही नको होतं. सिस्टरनी वही कपाटात ठेवली. लिहिणं थांबवलं नाही. त्याच वर्षी सासूबाई गेल्या. सहा वर्षं अशीच सरली.

मग विभागात नव्या मॅडम आल्या. सिस्टरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, केस कापलेल्या, बोलणं रोखठोक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "इथे बाळं एवढी गार का येतात थिएटरातून?" सिस्टर सरळ कपाटाकडे गेल्या आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

मॅडमनी ती घरी नेली. दुसऱ्या दिवशी आल्या त्या प्रश्नांची यादी घेऊनच. थर्मामीटर किती वेळ लावायचात? सुट्टीवर असताना झालेल्या जोड्यांचं काय? गार बाळं नेमकी लक्षात राहून लिहिली, बरी राहून गेली, असं तर नाही? सिस्टर एकेक उत्तर देत होत्या, आणि काही ठिकाणी "माहीत नाही" म्हणत होत्या.

"वही झकास आहे," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पुरावा म्हणून लंगडी आहे. नऊ जोड्या म्हणजे काहीच नाही, नशीबही असेल. आपण सगळ्यांची मोजू या. तुमच्या ड्यूटीतली, दुसऱ्यांच्या ड्यूटीतली, जुळी, एकेकटी, सगळी. वर्षभर."

एवढ्या वर्षांत 'आपण' हा शब्द सिस्टरनी पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी त्या डबा खायला विसरल्या.

वर्षभराचे आकडे हाती आले आणि बैठक बोलावली. भिंतीवर दोन रेघा दाखवल्या, पहिल्या बाळांची आणि दुसऱ्यांची. दुसरं टेबल मिळायला फार खळखळ झाली नाही. भांडण पेटलं एसीवरून. मॅडम म्हणाल्या, थिएटर पंचवीस-सव्वीसवर ठेवायचं. सर्जनांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते अंगाने भरलेले, हाताने अतिशय सफाईदार, आणि स्वभावाने जरा तापट.

"अंगावर गाऊन, हातात दुहेरी ग्लोव्ह्ज, डोक्यावर दिवे," ते म्हणाले. "सव्वीसला मी शिजून निघेन. घाम टाक्यांत पडला तर जबाबदार कोण?"

शेवटच्या रांगेतून सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्हाला घाम आला तर कुणी पुसेल. बाळ ओलं येतं आणि त्याला सांगताही येत नाही."

सर्जन वळून बघत राहिले. "मग मला घाम पुसायला माणूस द्या," ते म्हणाले.

"दिला," मॅडम म्हणाल्या.

सर्जन हसले, आणि गोष्ट तिथेच मिटली. त्याच बैठकीतून बाहेर पडताना भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ते नाव ठेवलं.

नियम साधे होते. दोन टेबलं आधीच तापलेली. प्रत्येक बाळासाठी वेगळी माणसं, आणि ती आधी ठरलेली: तुम्ही पहिल्याचे, तुम्ही दुसऱ्याचे. गरम केलेले कोरडे टॉवेल. बाळ पुसलं की ओलं कापड तिथल्या तिथे जमिनीवर टाकायचं, डोक्याला टोपी घालायची. आणि सगळ्यांत अवघड नियम हा, की दुसऱ्याच्या माणसाने पहिल्याकडे जायचं नाही. काही झालं तरी.

एकदा तेच झालं. पहिला मुलगा निळा पडून निघाला, मॅडम त्याला मास्कने श्वास देत होत्या, आणि सिस्टर दुसऱ्या टेबलापाशी हातात रिकामा टॉवेल घेऊन उभ्या होत्या. तीन पावलांवर बाळ झगडत होतं आणि त्यांचे हात शिवशिवत होते. इतक्या वर्षांची सवय त्यांना तिकडे ओढत होती. त्यांनी पाय रोवले. दुसरी मुलगी आली, त्यांनी ती पुसली, कापड टाकलं, टोपी घातली, आणि ती रडली तेव्हा पलीकडे मुलगाही रडला. त्या जोडीतली दोन्ही बाळं आठवड्याभरात घरी गेली.

दोन वर्षांनी मॅडमनी सगळे आकडे पुन्हा मांडले. आधी अर्धी दुसरी बाळं गार पोचायची, आता आठातलं एक. साखर उतरणं बरंच घटलं. श्वासाच्या यंत्रावर जाणारी कमी झाली, पण सिस्टरना वाटलं होतं तेवढी नाही. दुसरी बाळं पहिल्यांपेक्षा अजूनही जराशी मागेच होती.

"म्हणजे मोठे सर बरोबर होते," सिस्टर म्हणाल्या.

"काही अंशी. तुम्हीही बरोबर होता. काही अंशी."

सिस्टरनी कागद बाजूला सारले. मग वही काढून त्यांनी पहिली ओळ मॅडमपुढे धरली आणि इतकी वर्षं सासूबाईंखेरीज कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. "हा कोरडा असता," त्यांनी विचारलं, "उबेत असता, तर जगला असता?"

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. "मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "शंभर बाळांचं सांगता येतं. एकाचं कुणालाच नाही."

सिस्टरना खोटा धीर नको होता, तो मिळालाही नाही. पण एकाचं सांगता येत नाही, हे ऐकल्यावर त्यांच्या मनात आलं, ज्या बाईचं ते एक होतं तिला तर आपण काहीच सांगितलेलं नाही.

ती कुठे असते हे सिस्टरना माहीत होतं. बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत तिची लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलचे कोट, लोकांचे शर्ट. ते कळल्यापासून सिस्टर दहा वर्षं पलीकडच्या रस्त्याने वळसा घालून घरी जात होत्या, आणि पायांना चालणं हवं म्हणून, असं नवऱ्याला सांगत होत्या.

एका दुपारी त्या त्या गल्लीत वळल्या. दुकान अरुंद होतं, आत वाफ कोंडली होती. काउंटरमागे पन्नाशीकडे झुकलेली बाई चादर इस्त्री करत होती. भिंतीवर एका कॉलेजच्या वयाच्या मुलीचा फोटो होता.

"नंबर?" बाईने पावतीसाठी हात पुढे केला.

"कपडे नाही आणलेत," सिस्टर म्हणाल्या. "मी हॉस्पिटलात नर्स आहे. तुमची जुळी झाली, तेव्हा थिएटरात होते."

बाईने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "तो रडला होता का? मी भुलीत होते. कुणी सांगितलंच नाही मला."

"रडला होता. माझ्या हातात रडला."

बाईने मान हलवली. चादरीची एक घडी घातली, ती जमली नाही, पुन्हा घातली. "आमच्याकडे सगळे म्हणाले, हिच्या अंगात दोघांना पुरेल एवढं नव्हतंच. मुलीने सगळं घेतलं, त्याला काही उरलं नाही. सासू म्हणाली, नणंद म्हणाली. शेवटी मीच म्हणायला लागले. मुलगी जरा बाळसेदार झाली की मला तिचा राग यायचा. आईला असा राग येतो का हो?"

सिस्टरना पहिली ओळ तोंडपाठ होती. "त्याचं वजन दोन किलो एकशे ऐंशी होतं," त्या म्हणाल्या. "मुलीचं दोन किलो ऐंशी. तो तिच्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त होता. तुम्ही दोघांना पुरून उरलात."

मग सिस्टरनी उरलेलं सांगितलं. एकच टेबल, ओलं कापड, एसी, अकरा मिनिटं. काही लपवलं नाही आणि काही वाढवूनही सांगितलं नाही. त्यानेच तो गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत, तसं झालंच नाही असंही म्हणत नाहीत, हेही सांगितलं.

"तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले."

"कशाला?"

"आधी नोकरी जाईल म्हणून. मग तुम्हाला."

बाहेरून एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला शर्ट काढून दिले, सुटे पैसे परत केले, आणि तो गेल्यावर ती पुन्हा काउंटरपाशी आली. "मी तुम्हाला चहा विचारणार नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आज तरी नाही."

"नका विचारू."

"ते वजन लिहून द्या." तिने पावतीपुस्तकातला एक कोरा कागद फाडून पुढे केला. सिस्टरनी दोन्ही वजनं लिहिली, कुणाचं कुठलं तेही लिहिलं. बाईने कागद गल्ल्यात ठेवला नाही. चष्म्याच्या डबीत ठेवला.

त्यानंतर सिस्टर रोज त्याच गल्लीतून जायला लागल्या. कधी दुकानातून नजर यायची, कधी नाही. पाच-सहा महिन्यांनी एकदा बाईने आतूनच हाक मारली, "मुलगी आलीय सुट्टीला," आणि पोरीला दारात आणून उभं केलं. उंच, किडकिडीत पोर होती, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. "आईने सांगितलं मला," ती म्हणाली. सिस्टरनी काय शिकतेस एवढं विचारलं. चहाचं त्या दिवशीही निघालं नाही. सिस्टर घरी गेल्या तेव्हा नवरा म्हणाला, "हल्ली लवकर येतेस." "जवळच्या रस्त्याने येते," त्या म्हणाल्या.

सिस्टर निवृत्त झाल्यावर मॅडमनी त्यांना घरी बसू दिलं नाही. आसपासच्या लहान दवाखान्यांत नर्सेसना शिकवायला त्या महिन्यातून दोनदा जाऊ लागल्या. अशाच एका दवाखान्यात, जिथे पायऱ्या चढल्या की उजवीकडे औषधांची खिडकी आणि डावीकडे थेट थिएटर, तिथे एका तरुण नर्सने त्यांना मध्येच थांबवलं.

"सगळं पटलं, सिस्टर. पण आमच्याकडे टेबल एकच आहे, आणि दुसरं येणार नाही. मग काय करायचं?"

बाकीच्या खाली मान घालून हसू दाबत होत्या. सिस्टरना प्रश्न आवडला.

"पहिलं रडलं, लाल झालं, श्वास नीट आहे, तर त्याला टेबल कशाला हवं? कोरडं करा, टोपी घाला, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण. टेबल दुसऱ्यासाठी रिकामं ठेवा. पहिल्याचं बिनसलं तर ते टेबलावर, आणि दुसरं छातीवर. ओल्या कापडात कुणी नको."

"आईला पूर्ण भूल असली तर?"

"बाप असतो ना बाहेर, येरझाऱ्या घालत. त्याला आत घ्या. शर्टाची बटणं काढायला लावा."

सगळ्या खळखळून हसल्या, पण त्या नर्सने ते लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. दुपारची वेळ होती, सिस्टर गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. जुळी झाली होती, सिझेरियन, आईला पूर्ण भूल द्यावी लागली. दुसरी मुलगी टेबलावर, छत्तीस पॉइंट सात. पहिला मुलगा बापाच्या छातीवर, छत्तीस पॉइंट नऊ.

"दोघं श्वास कसा घेतायत?"

"छान, सिस्टर. दोघं छान. अडचण बापाची आहे. दोन तास झाले, तो हललेला नाही. बाळाला धक्का लागेल म्हणून मानसुद्धा वळवत नाही. आता चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागलीय त्याला. आई शुद्धीवर आलीय, बाळ तिच्याकडे द्यायचंय. उठवू का?"

सिस्टरनी हातातला ओला शर्ट दोरीवर टाकला. "बाळ झोपलंय?"

"हो."

"मग त्याला कशाला उठवतेस? खुर्चीसकट ढकलत ने."